बोलीनकाशातील रंग आणि वर्गनामे: खानदेशाच्या संदर्भात

१

भाषाशास्त्राच्या हाती असलेल्या साधनांत बोलीनकाशा हे सर्वांत बोलके आणि म्हणूनच सर्वांत फसवे साधन आहे. वर्णनपर ग्रंथात जे विधान अभ्यासक दहा अटी घालून करतो, तेच विधान नकाशात रंगाच्या एका पट्ट्याने बिनशर्त केले जाते. पूर्वी नकाशा ग्रंथाच्या पोटात घडी घालून ठेवलेला असे, आणि त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या वाचकाच्या हाती निदान तो ग्रंथ तरी असे. आज नकाशा ग्रंथावाचून फिरतो. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर तो उघडतो, बोट ठेवताच गावाचे नाव सांगतो, तालुका उजळून दाखवतो. अशा वेळी नकाशा काढण्यापाशी अभ्यासकाची जबाबदारी संपत नाही. तो नकाशा रेखनाच्या साधनातून बाहेर पडून वेबपृष्ठावर कोणत्या रूपाने जातो, हे पाहणेही त्याला प्राप्त होते.

प्रस्तुत विवेचनाचा विषय हा शेवटचा टप्पा आहे. तो कारागिराचा विषय आहे, अभ्यासकाचा नव्हे, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु जळगाव व धुळे या जिल्ह्यांतील बोलींचे उदाहरण समोर ठेवले असता असे दिसते की, या टप्प्यावर नकाशातले भाषिक विधानच कित्येकदा बदलून जाते, आणि डोळ्यांना दिसणारे चित्र मात्र जसेच्या तसे राहिल्यामुळे हा बदल कोणाच्या ध्यानातही येत नाही.

२

खानदेशाच्या बोलींचा इतिहास हा पुष्कळ अंशी त्यांना कोणत्या वर्गात घालावे या वादाचा इतिहास आहे. ग्रिअर्सन यांच्या संपादनाखाली निघालेल्या भारताच्या भाषासर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. खानदेशी त्यात नाही. तिची गणना १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबतीला केलेली आहे. मराठी अभ्यासकांनी पुढे अहिराणीला बहुधा मराठीचीच बोली मानले. जनगणनेने मात्र खानदेशी हे स्वतंत्र भाषानाम कायम ठेवले, अहिराणी त्याखाली घातली, आणि २०११ सालच्या गणनेत खानदेशी भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार भरली. एकाच बोलीसमूहाला तीन ठिकाणी तीन घरे मिळाली, ती वेगवेगळ्या लक्षणांना प्राधान्य दिल्यामुळे.

ही लक्षणे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अहिराणीत षष्ठीचा प्रत्यय ‘ना-नी-नं’ असा आहे. प्रमाण मराठीतील ‘रामाचा’ येथे ‘रामना’ होतो. ‘आहे’ या क्रियापदाच्या जागी ‘शे’ येते. ही दोन लक्षणे डोळ्यांपुढे ठेवणाऱ्यास गुजरातीतील ‘नो-नी-नुं’ आणि ‘छे’ यांची आठवण होणे साहजिक आहे. चतुर्थीचा प्रत्यय ‘ले’ आहे: अहिराणीत ‘माले’. पण हाच ‘ले’ जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील लेवा बोलीत ‘मले’ या रूपात भेटतो, आणि तेथून सरळ वऱ्हाडात जातो. ‘डोळा’ याऐवजी ‘डोया’ असा जो ळकाराचा यकार होतो, तोही पश्चिमेची अहिराणी, पूर्वेची लेवा बोली आणि वऱ्हाडी यांना जोडणारा आहे. याच्या उलट यावल-रावेर-भुसावळकडच्या लेवा बोलीत ‘ना’ नाही, ‘शे’ नाही. तेथे ‘चा’ आणि ‘हाये’ आहे.

म्हणजे या चार लक्षणांच्या सीमारेषा एकमेकींवर बसत नाहीत. ‘ना’ आणि ‘शे’ यांची रेषा जळगाव जिल्हा मधूनच कापते. ‘ले’ आणि यकार यांची रेषा त्या जिल्ह्यात सापडतच नाही, ती फार पूर्वेस आहे. शिवाय अहिराणी मालेगाव, बागलाण, कळवण या नाशिक जिल्ह्यातील तालुक्यांतही बोलली जाते, आणि उत्तरेस सातपुड्याच्या अंगाला, शिरपूर-चोपड्याकडे, पावरी भाषकांच्या वस्त्या आहेत. गावातला व्यवहार अहिराणीत, घरातले बोलणे पावरीत, आणि शाळा प्रमाण मराठीत, अशी स्थिती तेथे आढळते. ‘पूर्वेला लेवा, मध्ये तावडी, पश्चिमेला अहिराणी’ असे तीन रंग भरून मोकळा होणारा नकाशा या सर्व वस्तुस्थितीवर पडदा टाकतो.

या दोषाची जाणीव बोलीभूगोलाला आरंभापासून होती. फ्रान्समध्ये एदमाँ यांनी १८९७ ते १९०१ या काळात ६३९ ठिकाणी फिरून सामग्री गोळा केली आणि जिलिएराँ यांनी ती १९०२ पासून नकाशांच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्यांच्या नकाशात रंगाचे पट्टे नाहीत. प्रत्येक नकाशा एका शब्दाचा किंवा प्रयोगाचा, आणि प्रत्येक ठिकाणी तेथे ऐकलेले रूप लिहिलेले. रेषा कोठे ओढावी हे वाचकाने ठरवावे. महाराष्ट्रात डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने हाती घेतलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणातही बोलीचे नाव हे एकक न धरता भाषिक लक्षण हे एकक धरले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. हे शहाणपण पडद्यावरच्या नकाशात टिकेल की नाही, हा आता प्रश्न आहे.

३

पडद्यावरचा नकाशा दोन प्रकारचा असतो. छायाचित्रासारखा ठिपक्यांचा नकाशा मोठा केला की फाटतो, आणि त्यातील गाव हा केवळ काही ठिपक्यांचा पुंजका असतो. त्याला स्वतंत्र अस्तित्व नसते. दुसरा प्रकार रेखाकृतीचा, म्हणजे व्हेक्टरचा. त्यात प्रत्येक तालुका ही एक स्वतंत्र आकृती असते आणि तिची सीमा आकड्यांनी सांगितलेली असते. वेबसाठी या आकृतींची जी लेखनपद्धती रूढ आहे तिला एसव्हीजी म्हणतात. वेबचे दंडक ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला २००१ साली मान्यता दिली. भाषेच्या अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, एसव्हीजी हे चित्र असूनही ती एक संहिता आहे. ती उघडून वाचता येते. जेथे संहिता आहे तेथे संहितेची चिकित्साही संभवते.

या संहितेत आकृतीला रंग देण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात रंग हा आकृतीचा गुणधर्म म्हणून तिच्या शेजारीच लिहिलेला असतो. दुसऱ्यात तो त्याच जागी पण शैलीच्या वाक्याच्या रूपाने येतो. तिसऱ्यात आकृतीला फक्त एक वर्गनाम, म्हणजे क्लास, दिलेले असते आणि त्या वर्गाचा रंग कोणता हे शैलीपत्रकात वेगळे सांगितलेले असते. तिन्हींनी चित्र एकसारखेच दिसते. भेद आहे तो अधिकाराचा. पहिल्या मार्गाने दिलेला रंग सर्वांत दुबळा असतो. शैलीपत्रकातील कोणताही नियम त्याला बाजूस सारतो. दुसऱ्या मार्गाचा रंग हटवादी असतो. बाहेरच्या साध्या नियमाला तो दाद देत नाही. तिसऱ्या मार्गात रंग बदलता राहतो आणि वर्ग स्थिर राहतो. वाचकाने ‘ले’ पाहू म्हटले की एक रंग, ‘ना’ पाहू म्हटले की दुसरा, अशी सोय हवी असेल तर हा तिसरा मार्गच सरळ पडतो. ॲडॉबी इलस्ट्रेटरमधून नकाशा बाहेर काढताना या तिन्ही मार्गांची निवड पुढे येते. इंकस्केप मात्र न विचारता बहुधा दुसरा मार्ग धरते.

एवढ्यावरून असे वाटेल की तिसरा मार्ग निवडला की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तो तेथेच सुरू होतो.

४

इलस्ट्रेटरला वर्ग करावयास सांगितले की ते वर्ग करते, पण कशाच्या आधारावर? दिसण्याच्या. ज्या आकृतींचा रंग व कडा सारखी, त्यांना ते एका वर्गात घालते आणि त्या वर्गाला सीएलएस-१, सीएलएस-२ अशी क्रमांकाची नावे देते. आकृतीमागे कोणता अर्थ होता हे त्यास ठाऊक नसते आणि ते विचारीतही नाही.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर, हे साधन चिन्हातील अर्थ टाकून देते आणि केवळ रूपावरून कोश रचते. परिणाम दोन होतात, आणि ते कोणत्याही कोशकाराच्या परिचयाचे आहेत. समजा, नकाशात ‘पावरी’ आणि ‘ज्या गावांत पाहणी झाली नाही ती गावे’ या दोहोंना चुकून वा सोयीसाठी एकच फिकट करडा रंग दिला गेला. बाहेर पडताना ही दोन्ही एकाच वर्गाची होतात. हा समरूपतेचा दोष होय: रूप एक, अर्थ दोन, आणि अर्थ वेगळे करण्याचा मार्ग बंद. उलट, अहिराणीच्या काही गावांचा रंग छपाईसाठी किंचित गडद केलेला असला तर एकच बोली दोन वर्गांत फुटते. हा पर्यायाचा दोष होय. कागदावर हे दोन्ही दोष निरुपद्रवी होते, कारण कागदावर वर्ग नव्हतेच. संवादी नकाशात मात्र वाचक जे विचारतो त्याचे उत्तर वर्गच देतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट क्रमांकाची. नवा थर घालून नकाशा पुन्हा बाहेर काढला की क्रमांक सरकू शकतात. काल ज्याला सीएलएस-३ म्हटले ती ‘ना’ची गावे होती, आज ती ‘ले’ची असतील. पृष्ठावरील शैलीपत्रक जुन्याच क्रमांकावर विसंबून असते. नकाशा मोडत नाही, काळा पडत नाही, कोणतीही सूचना देत नाही. तो केवळ खोटे बोलू लागतो.

दोन नकाशे एकाच पृष्ठावर शेजारी मांडले तर काय होते, हेही उद्बोधक आहे. तुलना हा तर बोलीभूगोलाचा प्राण. तेव्हा डावीकडे ‘शे’चा आणि उजवीकडे यकाराचा नकाशा ठेवणे स्वाभाविक आहे. दोन्ही संहिता थेट पृष्ठात उतरविल्या तर प्रत्येकीच्या पोटातील शैलीपत्रक केवळ तिच्यापुरते राहत नाही, ते सगळ्या पृष्ठाला लागू होते. दोहोंतही सीएलएस-१ आहे. जो नियम नंतर येतो तो जिंकतो. परिणामी डाव्या नकाशातील गावे उजव्याचे रंग लेवून बसतात. नकाशे साध्या चित्राप्रमाणे पृष्ठावर ठेवले तर हा संकर टळतो, पण मग बाहेरून कोणाचाही हात आत पोचत नाही आणि संवादीपणाच संपतो.

फाइल हलकी करणारी साधने या गोंधळात भर घालतात. एसव्हीजीओसारखे साधन अनावश्यक वाटणारी ओळखनामे काढून टाकते किंवा आखूड करते, शैलीची वाक्ये आकृतीत विरघळवून टाकते. त्याच्या दृष्टीने ज्याचा चित्रावर परिणाम नाही ते अनावश्यक. भाषिक अर्थाचा चित्रावर परिणाम नसतो. म्हणून तो पहिल्याच झाडणीत जातो. तेच साधन नावांना उपसर्ग लावून दोन नकाशांतील संकर टाळूही शकते. पण तसे त्याला मुद्दाम सांगावे लागते.

५

यावरून निघणारा निष्कर्ष असा: वर्गनाम हे नकाशातील भाषिक विधानाचे खरे स्थान आहे, आणि म्हणून ते देण्याचे काम साधनावर सोपविता येत नाही. ते अभ्यासकाने, रंग भरण्यापूर्वी, करावयाचे आहे. हे काम कसे व्हावे याविषयी काही गोष्टी निश्चित सांगता येतात.

पहिली गोष्ट, वर्ग बोलीच्या नावाचा नसावा, लक्षणाचा असावा. एका आकृतीला एकापेक्षा अधिक वर्गनामे देण्याची मुभा एसव्हीजीत आहे. ती एकापुढे एक, मध्ये मोकळी जागा सोडून लिहिली जातात. अमळनेरकडच्या एखाद्या गावाला ‘ले’, ‘ना’, ‘शे’ हे तीनही वर्ग मिळतील. रावेरकडच्या गावाला केवळ ‘ले’ मिळेल. शिरपूरच्या डोंगराकडील गावाला पावरीचा आणि अहिराणीचा असे दोन्ही वर्ग एकाच वेळी देता येतील. रंगाला हे जमत नाही: एका जागी एकच रंग बसतो. द्वैभाषिक गाव रंगीत कागदावर कधीच खरे दाखविता आले नाही; वर्गाच्या द्वारे ते आता दाखविता येते. नव्या साधनाचा हा एकच लाभ असता तरी तो पुरेसा होता. तो सोडून देऊन सीएलएस-१ स्वीकारणे म्हणजे नव्या साधनाने जुनीच चूक अधिक वेगाने करणे होय.

दुसरी गोष्ट, प्रत्येक लक्षणाच्या तीन अवस्था असतात: ते आढळले, ते आढळले नाही, आणि ते तपासलेच नाही. कागदी नकाशात शेवटच्या दोन्ही अवस्था पांढऱ्या राहतात, आणि वाचक पांढऱ्याचा अर्थ ‘नाही’ असा करतो. तिन्हींना वेगळे वर्ग असावेत. येथे एक तांत्रिक तपशीलही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या आकृतीला कोणताच रंग सांगितलेला नाही ती एसव्हीजीत काळी दिसते. वर्गनाम जुळले नाही तर ते गाव काळे पडेल. हे कुरूप असले तरी प्रामाणिक आहे. रंग आधीच आकृतीत भरून ठेवून ही कबुली झाकू नये.

तिसरी गोष्ट, स्थळाचे ओळखनाम आणि लक्षणाचे वर्गनाम यांची सरमिसळ होऊ नये. ओळखनाम एका संहितेत एकदाच येते. पिंपळगाव आणि वडगाव या नावांची गावे खानदेशात अनेक आहेत. केवळ नावावर विसंबले तर साधन दुसऱ्या पिंपळगावाला आपल्या मनाने शेपूट जोडते, आणि तो पाचोऱ्याकडचा की अन्यत्रचा हे कळेनासे होते. २०११ च्या जनगणनेतील गावाचा सहा अंकी संकेतांक येथे उपयोगी पडतो; मात्र ओळखनामाचा आरंभ अंकाने होऊ नये, म्हणून त्याआधी एखादे अक्षर जोडावे. जिल्ह्याच्या नावाचा वर्ग तर करूच नये. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला, एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. शासकीय सीमा बदलतात. त्यांच्यावर बांधलेला बोलीचा वर्ग त्यांच्याबरोबर सरकतो, वस्तुतः बोली जागच्या जागीच असते.

चौथी गोष्ट लिपीची. वर्गनामे देवनागरीत लिहिण्यास दंडकाची आडकाठी नाही. तरीही ती रोमन संकेतांत ठेवणे इष्ट, आणि याचे कारण भाषाभिमानाच्या अभावात नसून लेखनाच्या स्वरूपात आहे. ‘ॲ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून दोन संकेतांनीही. ‘दऱ्या’मधील ‘ऱ्य’ तर वेगवेगळ्या कळफलकांवर वेगवेगळ्या रीतीने साधला जातो. डोळ्यांना रूप एक. संगणकाला शब्द दोन. एका नोंदणाऱ्याने दिलेला वर्ग दुसऱ्याच्या नियमाला सापडणार नाही. शिवाय इलस्ट्रेटर थरांची देवनागरी नावे बाहेर काढताना त्यांचे संकेतांकांत रूपांतर करते आणि ती वाचण्याच्या पलीकडे जातात. देवनागरीची खरी जागा वाचकापुढे आहे: प्रत्येक आकृतीच्या शीर्षकात गावाचे नाव आणि तेथे ऐकलेले रूप देवनागरीत, शुद्ध व पूर्ण लिहावे. जिलिएराँ यांनी कागदावर जे केले तेच येथे घडेल. बोट ठेवताच ‘माले’ की ‘मले’ ते दिसेल.

याच कारणास्तव नकाशातील अक्षरांचे रूपरेषांत रूपांतर करण्याचा मोह टाळला पाहिजे. फाँट नसेल तर जोडाक्षरे मोडतील या भीतीने हा पर्याय सर्रास निवडला जातो. इलस्ट्रेटर आणि क्यूजीआयएस दोन्ही तो देतात. पण रूपरेषा झालेले ‘डोया’ हे अक्षर राहत नाही, केवळ वळणे राहतात. ते शोधता येत नाही, उतरवून घेता येत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या वाचनयंत्राला ऐकवता येत नाही. बोलीच्या नकाशातून बोलीचा शब्दच नाहीसा करावा, हे विपरीत होय. फाँट पृष्ठासोबत पुरविणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

६

या विवेचनावर एक आक्षेप येणे संभवते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विभागात मनुष्यबळ थोडे. सामग्री गोळा करतानाच दमछाक होते. तेथे शेकडो गावांना हाताने वर्गनामे कोण देणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर कामाच्या क्रमात आहे. पाहणीच्या तक्त्यात प्रत्येक गावापुढे लक्षणांचे स्तंभ असतातच. हेच स्तंभ वर्गनामांचे मूळ आहेत. तक्ता प्रमाण मानून गावाच्या संकेतांकावरून वर्ग लावण्याचे काम एका लहानशा आज्ञावलीने होते आणि कितीही वेळा पुन्हा करता येते. हाताने करावयाचे काम एकदाच: प्रत्येक आकृतीला खरा संकेतांक देणे. नकाशा हे मूळ आणि तक्ता ही त्याची नक्कल, असा जो व्यवहार आज दिसतो तो उलटा केला म्हणजे झाले.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. लक्षणांचेच वर्ग केले तर ‘अहिराणी’ हे नाव नकाशातून नाहीसे होईल, आणि ज्या समाजाने ते नाव आपले म्हणून जपले त्यावर अन्याय होईल. हा आक्षेप टाळता येणार नाही. भाषेचे नाव ही बोलणाऱ्यांच्या अस्मितेची वस्तुस्थिती आहे, आणि तीही नोंदविण्याजोगी आहे. पण ती स्वतंत्रपणे नोंदवावी. गावकरी आपल्या बोलीला काय म्हणतात, याचा एक वेगळा वर्ग करावा आणि तो ‘ना’, ‘शे’, ‘ले’ यांच्या शेजारी ठेवावा. मग ज्या गावात ‘चा’ आणि ‘हाये’ असूनही लोक आपली बोली अहिराणी सांगतात तेही दिसेल, आणि तो फरक हाच कदाचित सर्वांत अभ्यसनीय ठरेल.

१९०७ साली खानदेशी कोणत्या खंडात घातली गेली हे निदान उघडपणे छापलेले होते. म्हणून त्यावर वाद करता आला. आज तीच वर्गवारी एखाद्या फाइलच्या पोटात, सीएलएस-४ अशा मुक्या नावाखाली घडते, आणि जिच्यावर वाद करावयाचा ती गोष्टच दृष्टीस पडत नाही. शास्त्रात चुकीच्या वर्गाला जागा आहे, कारण तो खोडता येतो. निनावी वर्गाला मात्र खोडता येत नाही. खानदेशाचा बोलीनकाशा जो कोणी पुढे वेबवर मांडील, त्याने रंग सुंदर निवडले की नाही हे नंतर पाहता येईल. प्रथम त्याची संहिता उघडून त्यातील वर्गनामे वाचावी, आणि त्या नामांवरूनच त्याच्या शास्त्राची परीक्षा करावी.